दुखत नसलेला गुडघा

नल्लकुंट्यात आमचं दुमजली घर आहे. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर आम्ही दोघं. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणजे दिवसभर उभं राहायचं काम. पंचेचाळिशीत माझा उजवा गुडघा जिना उतरताना दुखायला लागला. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी "नॉर्मल" म्हटलं आणि माझ्याकडे न बघताच वजन कमी करायला सांगितलं.

घरी आल्यावर दिरांनी ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. "हाडं तर पत्थर हैत. बाकी सगळं मनाचं असतंय," त्यांनी निकाल दिला. नवऱ्याने मान डोलावली. भावासमोर बसलं की या माणसाच्या मानेला दुसरं काम नसतं.

दीर सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. रोज पहाटे विद्यापीठाच्या आवारात फिरायला जायचे आणि परत आल्यावर आपल्या तब्येतीवर व्याख्यान द्यायचे. ते ऐकत जाऊबाई इडल्या वाढायच्या. या माणसाला आयुष्यात कधी काही दुखलं नव्हतं, आणि हे आपलं कर्तृत्व आहे अशी त्यांची खात्री होती.

अशात विद्यानगरच्या एका फंक्शन हॉलमध्ये कुठल्याशा लॅबचं शिबिर लागलं. 'गुडघ्याची झीज एक्स-रेमध्ये दिसण्याआधी ओळखा.' आम्ही सगळेच गेलो. कोटातल्या एका गृहस्थांनी पडद्यावर निळा चमकणारा गुडघा दाखवला. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती झिजायला लागली की तिच्यातल्या प्रथिनांचे तुकडे रक्तात आणि लघवीत उतरतात. ते मोजले की रोग आधीच कळतो, असं त्यांचं म्हणणं. तुकडे उतरतात हे खरंच आहे, आणि मला ते फार सुंदर वाटलं. शरीर मोडतानासुद्धा काहीतरी सांगत असतं. पण त्या सुंदर गोष्टीचं या लोकांनी साबणाच्या जाहिरातीसारखं करून टाकलं होतं.

मी हात वर केला. "चालून आल्या आल्या रक्त दिलं तर आकडा वाढत नाही का?"

"मॅडम, आमचं मशीन इंपोर्टेड आहे," गृहस्थ म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीर तोवर रांगेत पहिले उभे होते, थेट फिरून आलेले, बनियन घामाने पाठीला चिकटलेलं.

रक्त दिलं होतं दिरांनी आणि मी. रिपोर्ट आले. माझा हिरव्या रंगात, दिरांचा लाल रंगात. त्या दिवसापासून घरात पेशंट झाले ते दीर. फिरणं बंद. हॉलमध्ये आरामखुर्ची आली, पायाखाली स्टूल आलं, दोन्ही गुडघ्यांना पट्टे चढले. नातेवाईक सफरचंदं घेऊन भेटायला येऊ लागले. "कूर्चा चाललीय माझी," ते सांगायचे, जणू मुलगी सासरी चाललीय. पाणी, पेपर, रिमोट, चष्मा, सगळं जाऊबाईंनी हातात आणून द्यायचं. आणि मी जिन्याचा कठडा धरून उतरताना दिसले की खुर्चीतून आवाज यायचा, "तुझं तर ग्रीन हाय ना? मग असं कायकू चालतीस?"

शेवटी सुलतान बाजाराच्या पलीकडच्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरबाईंकडे एकटीच गेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर तळहात ठेवून पाय हळूहळू वाकवला. मला एका पायरीवर चढउतार करायला लावलं. म्हणाल्या, "हे आकडे संशोधनात कामाचे आहेत. पुष्कळ लोकांचे एकत्र बघितले तर काही समजतं. एकट्या माणसाच्या गुडघ्याचं भविष्य त्यांना अजून सांगता येत नाही. हिरवं आलं म्हणून तुमचं दुखणं खोटं होत नाही. ही झिजेची सुरुवात दिसतेय."

मी खोटी नाही असं कुणीतरी म्हटल्यावर मला एकदम रडूच आलं, आणि त्याचा रागही आला. मग दिरांचं सांगितलं. त्या हसल्या. "फिरके आके खून दिए? तो बढ़ेगाच ना! बोलो उनको, चलते रहो."

मी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून आले आणि दिरांना निरोप दिला. "गौरमेंट दवाखान्यातल्यांना काय कळतंय," ते म्हणाले. तीस-पस्तीस वर्षं गव्हर्नमेंटचा पगार खाल्लेला माणूस!

पुढे व्हायचं तेच झालं. बसून बसून त्यांच्या मांड्या वाळल्या आणि उठताना गुडघे खरंच दुखायला लागले. मला वाटलं, आता तरी उमजेल. पण ते खूश झाले. "बघा, रिपोर्ट आधीच बोलला होता!" असा अभिमान मी पोराच्या प्रवेशपरीक्षेतल्या रँकबद्दलही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. नवऱ्याने मान डोलावली.

मग एका सकाळी मी खाली चटणी द्यायला गेले होते. दीर म्हणाले, "चहा दे." जाऊबाईंनी कप भरला, ओट्यावर ठेवला आणि हात पुसत म्हणाल्या, "तिथं हाय. उठून घ्या."

"मला?"

"हौ. तुम्हालाच."

जाऊबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि माझा दंड धरून मला बाहेर काढलं. मागे खुर्ची करकरली. चहा बहुधा गार झाल्यावर मिळाला असेल. हल्ली दीर स्वतः उठतात, फाटकापर्यंत जाऊन येतात आणि हा इलाज आपणच शोधला असं सांगतात. व्यायामाने माझा गुडघा बराच सुधारला. अवघड दिवशी अजूनही आडवे पाय टाकत जिना उतरते. 'तुझं खरं होतं' असं घरात कुणी म्हटलं नाही, म्हणणारही नाही.

त्या सकाळी मात्र आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत चालत गेलो. तिथे जाऊबाई थांबल्या, कट्ट्यावर टेकल्या आणि दोन्ही गुडघे चोळायला लागल्या.

"दुखतात?" मी विचारलं.

"लई वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला?" त्या म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी घरात कुणाला न सांगता मी त्यांना रिक्षाने त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले.