शरयूताईंची बाजू

खटला सुरू होण्याच्या आदल्या दिवशी शरयूताई रिकाम्या कोर्टरूममध्ये जायच्या आणि ज्युरीच्या एकेका खुर्चीत बसून बघायच्या. साक्षीदाराचा चेहरा कुठून दिसतो, स्क्रीनवरचा फोटो कुठून तिरका दिसतो, सगळं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या लॉ फर्ममध्ये त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. त्या नागपूरच्या, मी पुण्याचा. कायदा मला त्यांच्यापेक्षा जास्त यायचा. हे त्या स्वतःच चारचौघांत सांगायच्या, आणि तेच मला लागायचं. कारण मी बोलत असताना ज्युरीतली माणसं आपल्या नखांकडे बघत, आणि त्या उभ्या राहिल्या की तीच माणसं पुढे सरकून बसत.

"समीर, तू त्यांना कायदा शिकवतोस," त्या म्हणायच्या. "तो जज सांगतील. तू आधी माणूस दाखव."

रामोनची केस माझी होती. बेकरीच्या कारखान्यात कणीक मळायच्या मशीनमध्ये त्याची तीन बोटं गेली. मशीनवरची संरक्षक जाळी त्यानेच काढली, असं कंपनीचं म्हणणं. ती दुरुस्तीवाल्यांनी मंगळवारी काढली आणि परत लावलीच नाही, हे दाखवणारी नोंदवही मी दीड वर्ष खपून मिळवली होती. खटल्याच्या आठवडाभर आधी रामोन मला म्हणाला की माझ्यावर त्याचा विश्वास आहे, पण कोर्टात त्या बाई बोलल्या तर बरं. मी हसून होकार दिला. त्या संध्याकाळी घरी जाताना हायवेवरची माझी रोजची एक्झिट चुकली.

सुरुवातीच्या निवेदनात शरयूताईंनी कलमांचं नावही काढलं नाही. जन्मभर पाव भाजणाऱ्या माणसाला आता पावाला लोणी लावायला धाकटी मुलगी लागते, एवढंच सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी नकळत स्वतःची बोटं मिटली. माझ्या बोलण्याने तसं कधी झालं नव्हतं. आणि तेवढ्यात शरयूताई बोलून गेल्या की जाळी बुधवारी काढली.

मी लगेच चिठ्ठी लिहिली : 'मंगळवार'. त्या वळून पाण्याचा घोट घ्यायला टेबलाशी आल्या. चिठ्ठी माझ्या हाताखाली होती. मी हात उचलला नाही.

कंपनीच्या वकिलाने ती चूक उचलली. बुधवारी कारखाना बंद होता, यांना आपलीच केस ठाऊक नाही, असं तो हसत म्हणाला. रामोनने माझ्याकडे पाहिलं. शरयूताई हरल्या तर काय होईल, एवढाच विचार मी तोवर करत होतो. रामोन हरेल, हे तेव्हा मला प्रथम सुचलं.

शेवटच्या भाषणात त्या ज्युरीपुढे शांतपणे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वार मी चुकीचा सांगितला. ती चूक माझी, रामोनची नाही. नोंदवहीत मंगळवार आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, वही वाचा." आणि वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली.

निकाल रामोनच्या बाजूने लागला. तो रडला आणि त्याने आधी मला मिठी मारली.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. "चिठ्ठी दिसली होती मला," शरयूताई म्हणाल्या. "वाचता आली नाही. तू देशील म्हणून थांबले." मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी हाताने थांबवलं. "मला राग आलाय, आणि तो राहील काही दिवस. पण हे रामोनला कधी सांगू नकोस. तुझं मन हलकं करायला त्याचा आनंद कशाला नासवायचा?"

दोन महिन्यांनी त्यांनी एका मोठ्या केसचं शेवटचं भाषण मला दिलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, या केसला कायदा लागतो. फर्ममध्ये कुणाला त्या प्रसंगाची कुणकुणही लागली नाही.

मागच्या वर्षी त्या निवृत्त होऊन मुलीजवळ ईडन प्रेरी या गावी गेल्या. आता ज्युरीतली माणसं माझंही ऐकतात. बोलणं मी त्यांच्याकडून थोडंफार उचललं. पण माझ्याशी कुणी तसं वागलं असतं, तर मी गप्प राहिलो नसतो, हे मला माहीत आहे. त्यांचा हेवा मला अजून वाटतो, तो याचा.