बोअरच्या पाण्यात विरघळलेला पॉलिमर

भूकंपाच्या पहाटे शिवशंकर आठ वर्षांचा होता. घराच्या मातीच्या माळवदाखाली आई-बाप गेले. हा उदगीरला आत्याकडे होता म्हणून राहिला. तेव्हा तो रडला नाही. पुढे नांदेडला एम.एस्सी.त पहिला आला, तेव्हा हसलाही नाही. आत्या साखराबाई म्हणायची, "लेकराला आत काही लागंनाच झालंय."

एकोणतिसाव्या वर्षी त्याची पीएच.डी. संपत आली होती. पाण्यात विरघळणारा असा पॉलिमर बनवायचा, की एकाच लांब साखळीवर धन भारही असेल आणि ऋण भारही. फ्लास्कमध्ये नायट्रोजन सोडून दोन्ही भारांची रसायनं सारख्या प्रमाणात जोडायची. मग ते द्रावण पातळ पडद्याच्या पिशवीत भरून पिशवी पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे उरलीसुरली घाण बाहेर झिरपते. त्यासाठी पाणी सारखं बदलावं लागतं, आणि तेही ऊर्ध्वपातित.

त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्याने पाणी येई. थोडं शुद्ध पाणी काढायला कितीतरी वाया जातं, म्हणून विद्यापीठाच्या विभागाने ऊर्ध्वपातनाचं यंत्रच बंद ठेवलं होतं. शिवशंकरने बोअरचं खारट पाणी वापरलं. पिशवीतलं द्रावण स्वच्छ राहिलं. प्रबंधात त्याने लिहिलं, हा पॉलिमर पाण्यात पूर्ण विरघळतो.

लातूरला क्लास चालवणाऱ्या रामकिशनचा अधूनमधून फोन येई. भूकंपानंतर दोघं एकाच वसतिगृहात वाढलेले.

"काय पंडित, अजून ढवळायलासच? इथं केमिस्ट्रीला मास्तर न्हाई अन् पोरं पायऱ्यांवर बसायलीत."

"प्रबंध अडला तर येतो," शिवशंकर म्हणाला.

"शब्द?"

"हाव."

पावसाळ्यात यंत्र सुरू झालं. प्रबंधावर सही करण्याआधी त्याच्या मार्गदर्शक मनस्विनी मॅडमनी चिमूटभर पॉलिमर शुद्ध पाण्यात टाकला. तो विरघळला नाही. पाणी ताकासारखं झालं आणि तळाशी साका बसला.

"शिवशंकर, हे काय?"

"मी बोअरचं पाणी वापरलं होतं, मॅडम."

"आणि सांगितलं नाहीत?"

"पाणीच होतं ना ते."

मॅडमनी त्यात मीठ टाकलं. ढवळता ढवळता पाणी नितळ झालं. साखळीवरचे विरुद्ध भार एकमेकांना ओढून तिचा गोळा करत होते. मीठ मध्ये शिरलं की ती मोकळी होत होती.

"पॉलिमर खरा आहे, तुमचं वाक्य चुकलंय," त्या म्हणाल्या. "मिठाचं प्रमाण बदलत सगळी मोजमापं पुन्हा घ्या. वर्ष जाईल. तपासायला हवं होतं, मीही तपासलं नाही."

प्रबंध अडल्याचं कळताच संध्याकाळी रामकिशनचा फोन आला.

"अडला ना? भर बॅग."

"न्हाई येत."

"अरे, शब्द दिला होतास!"

"हाव, दिला होता."

"मग? भूकंपात डोस्कं बी हललं काय तुझं?"

"पॉलिमर कशात विरघळतो ते कळलंय. किती मिठात, ते मोजायचं राहिलंय."

रामकिशन आवाज उतरवून म्हणाला, "एवढी वर्षं गेली. वाईट वाटायलंय का रे?"

शिवशंकरने थांबून खरोखर स्वतःच्या आत पाहिलं.

"न्हाई."

"मग बरं वाटायलंय?"

"ते बी न्हाई."

त्याने फोन ठेवला, तराजू शून्यावर आणला आणि मीठ तोलायला घेतलं.