काडी कुठल्या झाडाची

दुपारचं जेवण अंगावर आलंय. उद्या माझ्या जुन्या कॉलेजात मुलांपुढे बोलायचंय, 'उद्यानविद्येतल्या नोकरीच्या संधी'. नर्सरी, बँक, पॅकहाऊस, स्पर्धा परीक्षा, एवढं कागदावर लिहून झालंय आणि डोळे मिटतायत. मी सरकारी अधिकारी, नर्सऱ्या तपासते. म्हणजे संधीचा नमुना मीच, घ्या!

टेबलापलीकडे वर्गातला बाक आहे. आमच्या घरात असला बाक नाही. त्यावर आबा बसलेत, कॉलेजच्या रोपवाटिकेतले रोजंदारीवरचे माळी. मला कलम बांधायला शिकवलं ते यांनी, सरांनी नव्हे. आबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी मला त्यांचं येणं खटकत नाही.

"काय गो, मोठी सायबीण झालीस?"

"तुमच्यामुळेच की."

"पोरांना काय सांगणार?"

मी यादी वाचते. वाचता वाचता आम्ही डोंगर चढतोय. माथ्यावर कॉलेजचं निवडक हापूसचं झाड आहे. कलमासाठी काड्या त्याच्याच घ्यायच्या, असा नियम. अर्ध्या वाटेत विहीर लागते, तिच्या काठी रायवळ आंबा. माझे पाय तिथेच थांबतात.

"तेव्हा पन हितंच थांबलीस ना?"

तिसऱ्या वर्षी उन्हाचा कंटाळा करून मी या रायवळाच्या काड्या तोडल्या होत्या. चारशे कलमं हापूस म्हणून विकली गेली. पाच वर्षांनी फळं धरली आणि बोंब झाली. आबांनी चांगल्या काड्या बाहेर विकल्या असं ठरलं, बावीस वर्षं राबलेल्या माणसाला एका दिवसात घरी बसवलं. मी नोकरीला लागले होते. मूग गिळून गप्प बसले.

"तुम्हाला कळलं होतं?"

"पान चुरगळून वास घेतला, तवाच कळलं. पन कलमं बांधून झाली होती, तुझे मार्क गेले असते. म्हटलं, परीक्षा झाली की गुपचूप उपटून टाकू. त्याच्या आधीच टेम्पो भरला."

आता विहीर नाही, आबांच्या घराची पडवी आहे. काकू तांदूळ निवडतायत, वर बघत नाहीत.

"हिला अजून बाजारात चोराची बायको म्हनतात गो."

"आबा, मला माफ करा."

"मी मेलेला मानूस. माझ्या माफीला कोन विचारतो? उद्या कॉलेजातच बोलायचंय ना तुला?"

"माझी नोकरी जाईल."

"माझी गेली."

रागानं नाही, साधंच बोलतात. काकू सूप झटकतात.

जाग येते तेव्हा चहाची वेळ टळून गेलीय. पेन बोटांतच आहे. यादीखाली ओल्या शाईत एक ओळ, अक्षर माझंच: 'त्या काड्या मी तोडल्या.' रडू फुटतं, मेलं थांबतच नाही. कागद फाडायला घेते, फाडवत नाही. मग वरची यादी खोडते आणि पुढे लिहायला लागते, 'त्याची शिक्षा भोगली ती श्री.' आणि हात थांबतो. चार वर्षं त्यांच्या हाताखाली शिकले, पण मला आबांचं नावच ठाऊक नाही.