दलालाचा कोसा

शहरातल्या दलालाने मला, साड्यांच्या दुकानदाराला, यंत्रावरची नकली साडी खरं कोसा रेशीम म्हणून विकून फसवलं. काल गल्लीत कुणीतरी प्लास्टिक जाळलं आणि त्या वासाने मी मनाने पुन्हा मोहाडीतल्या एका म्हाताऱ्या विणकराच्या ओसरीत जाऊन पोचलो. उकळलेल्या कोशांचा उग्र दर्प, मागाची खटखट, आणि माझा चढलेला आवाज. ती साडी मी त्याच्या मागावर फेकली. “काका, मशीनवर अशा दिवसाले दहा निघतात. तुम्ही एकीले आठ दिवस लावता. भाव उतरवा.” त्याने एक धागा आपल्या साडीचा काढला, एक माझ्या, आणि काडी ओढली. त्याच्या धाग्याला केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत राख झाली. माझा धागा वितळून काळा मणी झाला. त्याची बायको हसली, “अवो शेठ, साऱ्या गावाले भाव शिकवता अन् प्लास्टिक घेऊन आले!” मी तडकलो. “गिऱ्हाईक काही साडी जाळून पाहत नाही.” “नाही पाहत,” विणकर म्हणाला, “म्हणून तं तुमचा दलाल जगून राहिला.” भाव मी उतरवूनच घेतला. वर्षभरात त्याने माग मोडला. यंत्राने स्वस्त साड्या केल्या, गरिबाघरची बाई नवं नेसली, माझं दुकान वाढलं. यंत्राशी माझं भांडण नाही. पण त्याच्या नकली मालावर खऱ्या कोशाचं नाव कुणी लावलं? त्या दलालाने मोहाडीत येऊन विणकराच्या तोंडावर उत्तर द्यावं. मी शेजारी उभा राहतो. उतरवलेल्या भावाचं उत्तर मी देईन.