बॉम्बमध्ये जाळलेल्या काड्या

द्राक्षबागेची छाटणी झाली की काड्या बांधावर नेऊन पेटवायच्या, ही आमच्याकडची रीत. नव्वद सालानंतर मी ती मोडली. काड्या दळून, दाबून त्यांच्या जळणाच्या जाड कांड्या करणारं मशीन घेतलं. बाजारात त्या मालाला पांढरा कोळसा म्हणतात, रंगानं मात्र तो तपकिरी. सातपूरच्या एका कारखान्याला बॉयलरसाठी तो हवा होता. पहिला ट्रक त्यांनी गेटवरूनच परत पाठवला. माल पुरेशी उष्णता देत नाही, असं त्यांच्या लॅबचं म्हणणं. दुसराही परत आला असता तर मशीन बंद करावं लागलं असतं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकलेला. तरी म्हटलं, माझ्यासमोर जाळून दाखवा. गेटवरून हललोच नाही. शेवटी लॅबच्या बाईंनी आत घेतलं.

"बाबा, याला बॉम्ब म्हणतात. जरा लांब बसा."

"ताई, तुमचा बॉम्ब फुटला तरी मी इथनं उठत नाय."

बॉम्ब म्हणजे तांब्याएवढं जाड पोलादी भांडं. त्यांनी माझ्या कांडीचा भुगा केला, त्याची औषधासारखी गोळी दाबली आणि इवल्याशा वाटीत ठेवली. गोळीला बारीक तार टेकवली, झाकण आवळलं, नळीनं आत ऑक्सिजन भरला. मग ते भांडं पाण्यात बुडवून बटण दाबलं. ना आवाज, ना धूर. बाई भिंगातून थर्मामीटर वाचत राहिल्या. गोळीनं पाणी किती तापवलं, त्यावरून मालाची उष्णता काढायची.

"कमीच आहे, बाबा."

"काडी माझ्या बागेतली हाय. कमी कशी भरंल?"

दुसऱ्या दिवशी वेलावरून कापलेली काडी घेऊन गेलो. तीही त्यांनी वाळवून, दळून जाळली. ती चांगली भरली.

"बघा!" मी म्हणालो.

"काडीला मी नावं ठेवलीच नव्हती," असं म्हणत त्यांनी कालची वाटी पुढे केली. तळाची राख मी बोटांत चोळली. कचकच लागली. काडीच्या राखेत तसं काही नव्हतं.

घरी आलो तर बागेत बाया खराटे मारत होत्या. छाटणीनंतर बाग अंगणासारखी लख्ख झाली पाहिजे, हा माझाच हट्ट. त्यावर गावात माझं नाव होतं. खराट्यानं काड्यांचे ढीग लागत, आणि ढिगात निम्मी माती.

"खराटे ठेवा. काड्या हातानं वेचा. पानं, बारीक तुकडे पडू द्या," मी सांगितलं.

आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, एक पान पडलं तर घर डोक्यावर घेता. आता लोकं काय म्हणतील?"

"म्हणू दे."

वेचलेल्या काड्यांच्या मालाचा ट्रक गेला. बाईंनी पुन्हा गोळी जाळली, आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "पास, बाबा."

"मी पहिल्यापासनं सांगत होतो, काडी चांगली हाय," मी म्हणालो.

मशीन पुढं बरीच वर्षं चाललं. त्या हंगामात शेजारी रोज बांधावरून ओरडायचा, "दादा, खराटा मोडला काय? आमचा धाडून देऊ का?" पाहुणे यायचे झाले की फाट्यावर स्वतः जाऊन उभा राहायचो आणि त्यांना ओढ्याकडच्या वाटेनं घरी आणायचो. त्या वाटेवरून बाग दिसत नाही.