हुसेनचाचांच्या हातातला झेंडा

माझ्या आजोबांच्या हातून माणूस मेला. आणि नाव खराब झालं ते मेलेल्या माणसाचं.

आज त्याला नव्वदेक वर्षं झाली. घरात कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितेय. नातेवाईक चिडतील. चिडू देत.

आजोबा सोलापूरच्या यार्डात इंजिन ड्रायव्हर होते. त्यांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसे. जन्मापासूनच.

मला हे कळलं माझ्या लग्नात. नवी पेठेतून आणलेला माझा लालभडक शालू हातात घेऊन म्हणाले, "हिरवा घेतलास ते बरं केलंस."

मी हसले. ते रडायला लागले. मग सगळं सांगितलं.

ड्रायव्हरच्या लायसन्ससाठी डोळ्यांची टेस्ट असायची. डॉक्टर रंगीत लोकरीच्या लडी पुढ्यात टाकायचा आणि लाल वेगळ्या काढायला सांगायचा. नापास झालं की नोकरी गेली.

यार्डात डबे जोडणारे हुसेनचाचा, जवळच्या कुंभारी गावचे, आजोबांचे जिवलग. लडींची पेटी पुसायच्या निमित्ताने त्यांनी प्रत्येक लाल लडीला बारीक गाठ मारून ठेवली.

"अण्णा, बगू नगा. नुस्तं चाचपा. गाठ लागली की लाल."

आजोबा दर टेस्टला पास!

कामात इंजिनाला इशारा द्यायलाही चाचा लाल-हिरवा झेंडा वापरत नसत. चाचांनी दोन्ही हात वर केले की थांबायचं, एक हात हलवला की यायचं.

मग सरकारी इन्स्पेक्शन आलं. यार्डभर चुना मारला, नवेकोरे झेंडे वाटले. साहेबासमोर सगळं नियमानं व्हायला हवं.

सकाळीच चाचांनी बजावलं, "पयला झेंडा लाल, थांबा. दुसरा हिरवा, या. मोजा फकस्त."

चाचांनी लाल दाखवला. आजोबा थांबले.

साहेबाला तो नीट दिसला नाही. म्हणाला, पुन्हा दाखव.

आता साहेबासमोर अण्णाला ओरडून काय सांगणार? चाचांनी पुन्हा लालच धरला आणि साहेबाचं बोलणं अण्णांनीही ऐकलं असेल असं समजून डबे जोडायला मध्ये शिरले.

आजोबांना ते बोलणं नंतर कळलं. तेव्हा त्यांनी फक्त मोजलं. दुसरा.

इंजिन रेटलं.

चौकशीत आजोबा म्हणाले, मला हिरवा दाखवला. खरं सांगितलं असतं तर लायसन्स गेलं असतं आणि पोरंबाळं उपाशी मेली असती. पुन्हा दाखवायला लावणाऱ्या साहेबानंही स्वतःला वाचवायला तेच उचलून धरलं. रिपोर्टात आलं, मयताचीच चूक.

चाचांची बायको घरी आली होती. तान्हं मूल कडेवर.

"अण्णा, तुमी सोता बगितलं की. त्यांनी खरंच हिरवा दाखवला व्हय?"

आजोबा म्हणाले, "व्हय."

ती पाणीही न पिता गेली.

पुढच्या टेस्टलाही आजोबा त्याच गाठी चाचपून पास झाले. मला त्यांची कीव येते आणि रागही येतो. त्यांच्याच पगारावर माझे वडील शिकले. मीही त्यातलीच.

कुंभारीला दोनदा जाऊन आले. चाचांचं घर कुणालाच माहीत नाही. आता सांगायचं तरी कुणाला?

भावपूर्ण श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही. एवढंच लिहिते.

हुसेनचाचा, तुम्ही लालच दाखवला होता.