चकतीवर लिहिलं ते लिहिलं

"राहू दे चालू."

माझा हात माउसकडे गेला रे गेला की बाई हे म्हणायच्या. आणि नुसतं म्हणून थांबायच्या नाहीत, अंगठीच्या बोटाने काउंटरच्या काचेवर टकटक करायच्या. जन्मभर डस्टरने टेबल वाजवून वर्ग गप्प केलेला तो हात. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, तरी माझा हात आपोआप मागे यायचा. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेलच, जिच्यासमोर दुकान आपलं असून आपणच गिऱ्हाईक होऊन बसतो.

मध्य प्रदेशात, पण महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या पांढुर्ण्यात माझं दुकान आहे. फोटो, झेरॉक्स, आणि कॅमेऱ्यातलं सीडीवर, सीडीवरचं पेनड्राइव्हवर अशी इकडचं तिकडे करण्याची कामं. बाई मोहगावकडच्या सरकारी शाळेतून निवृत्त होऊन पांढुर्ण्यात राहायला आल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. सौंसरला भावाचं भरलेलं घर होतं, आणि त्या घरातलं बारसं असो की साखरपुडा, बाई आपला छोटा व्हिडिओ कॅमेरा गळ्यात अडकवून हजर. भाचा इंदूरला नोकरीला. त्याला फिल्म कापायची, जोडायची हौस. बाईंनी घेतलेलं सगळं मी डीव्हीडीवर उतरवून द्यायचो आणि ते कुरिअरने इंदूरला जायचं.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मी माझ्या शहाणपणाने एक तुकडा वगळायला निघालो होतो. कॅमेरा बंद करायचा राहून गेलेला. बराच वेळ नुसती अंगणातली जमीन, येणारे-जाणारे पाय, एक उलटी पडलेली चप्पल, आणि मागे स्वयंपाकघरात बायकांच्या गप्पा. मी म्हणालो, हे नको असेल ना.

"तुले कोणं सांगतलं निवडाले? मेथी होय का? सगळं टाक."

सगळं टाकलं. शिवाय दोन-दोन प्रती काढायला लावल्या, एक भाच्याला, एक स्वतःच्या कपाटाला. कापलेलं ते त्याचं, कच्चं ते माझं, असा त्यांचा हिशेब होता.

पुढे पेनड्राइव्ह आले, डीव्हीडी मागणारं कोणी उरलं नाही. मी बाईंना म्हणालो, कशाला चकत्यांच्या मागे लागता, एका पेनड्राइव्हमध्ये सगळं मावेल. त्यांनी विचारलं, त्यावरचं पुसता येतं का? मी म्हणालो, येतं की, हवं तेव्हा पुसा, तोच तर फायदा.

"मंग नाई पाहिजे. चकतीवर एकदा लिहिलं ते लिहिलं."

आता तुम्ही म्हणाल, पुसण्याची एवढी भीती कशाला? तर बाईंची गोष्ट इथूनच सुरू होते. बाई चित्रण करताना अखंड बोलायच्या. कॅमेऱ्यात बाई स्वतः कुठेच दिसायच्या नाहीत, पण त्यांचा आवाज मात्र सगळीकडे. "हा पाहा आमचा मोठा भाऊ, जेवून राहिला. मठ्ठा नाई घेत तो, त्याले सर्दी होते. काऊन रे, घेतला का मठ्ठा? खरं सांग." भाऊ घास थांबवून मान हलवायचा. नवरी हळदीला बसलेली असली तर तिला, आचारी कढईपुढे असला तर त्याला, प्रत्येकाला एक प्रश्न आणि प्रत्येकाचं उत्तर. सगळं आपल्या बोलीत. शाळेत बाई आयुष्यभर हिंदीतून शिकवत आल्या, पण हातच्याची वजाबाकी शिकवायची वेळ आली की वऱ्हाडीवर यायच्या. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबाने हटकलं, तर म्हणाल्या होत्या, पोरांना समजलं की नाही ते विचारा, कशात समजलं ते नका विचारू. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना तो साहेब समोरच बसलाय अशा आवाजात सांगितलं.

भाच्याने पहिली फिल्म बनवून पाठवली, ती लावायला बाई माझ्याच दुकानात आल्या. मोठ्या भाचीचं लग्न होतं. सुरुवातीला हिंदीतलं झगमगीत शीर्षक, मग एक सिनेमातलं गाणं, मग दुसरं. फिल्म देखणी होती, मी खोटं का बोलू. पण हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायकांची नुसती तोंडं हलत होती. भाऊ मान हलवत होता, पण कशाला हलवतोय ते कळत नव्हतं. बाईंनी शेवटपर्यंत पाहिलं. मग मला विचारलं, "हे सगळे मुके झाले का?"

तिथूनच भाच्याला फोन लावला, स्पीकरवर. पोरगा वाईट नाही, आत्यावर जीव टाकणारा. त्याने समजावून सांगितलं की आत्या, तुझा आवाज फार येतो, आणि ही फिल्म माझे ऑफिसातले मित्र पाहतात. आपली बोली ना धड मराठी, ना धड हिंदी. लोक हसतात.

त्याचं काय चुकलं म्हणा. आपण सौंसर-पांढुर्ण्याची माणसं भोपाळला गेलो की मराठी, पुण्याला गेलो की हिंदीवाले. दोन्हीकडे तोंड उघडलं की कोणीतरी गालात हसतो, आणि मग आपणच आवाज बारीक करतो. मीही केलेला आहे. बाईंनी कधी केला नव्हता.

"तू लहानपणी रडे, तवा याच बोलीत उगी करत होती मी तुले," त्या फोनवर म्हणाल्या. "तवा नाई लाज वाटली तुले. आता माह्यं तोंड बंद करून राहिला."

फोन ठेवला आणि माझ्याकडे मार्कर मागितला. पुढच्या समारंभाच्या चकत्या निघाल्या तेव्हा प्रत्येकीवर गोल, सुरेख, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं : बोलणं कापू नये. त्यानंतर एकही चकती या तीन शब्दांशिवाय माझ्या दुकानाबाहेर गेली नाही.

भाचाही त्यांचाच. त्याने कापणं थांबवलं, पण आवाज अगदी खाली नेऊन वर गाणं ठेवायला लागला. बाई म्हणायच्या, माझ्यावर गाणं अंथरून राहिला. मग बाईंनीही डाव टाकला. मंगळसूत्र बांधताना, सूनमुख पाहताना, जिथे कापायची सोय नाही नेमकं तिथेच त्या मोठ्याने बोलायला लागल्या. एका फिल्ममध्ये गळ्यात माळ पडतेय आणि गाण्याच्या वरताण बाईंचा आवाज येतोय, "सरळ घाल रे, कान अडकला तिचा." ती फिल्म मी कितीदा तरी पाहिली असेल.

आणि एक गंमत सांगतो. ती देखणी फिल्म पाहुण्यांना दाखवायला असायची. दुपारी बाईंच्या घरी गल्लीतल्या बायका वाती वळत बसायच्या तेव्हा टीव्हीवर कच्चंच लागायचं. त्या उलट्या चपलेवरसुद्धा त्यांच्यात चर्चा झाली होती, कोणाची म्हणून.

मग बाईंचा आवाज बसला. खडूची धूळ आहे, जाईल, म्हणत त्यांनी पुष्कळ दिवस काढले. नागपूरच्या डॉक्टरांनी घसा तपासला आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. भाऊ जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलून आला. बाई ऑपरेशनच्या आधी दुकानात आल्या, कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायला. मी म्हणालो, बाई, मी कॅमेरा धरतो, तुम्ही काहीतरी बोला, आठवण राहील.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी परीक्षेत कॉपी करताना सापडलो. घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "भाषण नाई देत मी. बोलली तेवढं पुष्कळ हाय."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

नंतर बाई गळ्याला सुती रुमाल बांधून हिंडायला लागल्या. भावाने पाटी आणून दिली, ती त्यांनी शेजारच्या पोरीला देऊन टाकली. घशाला लावून बोलायचं एक यंत्रही आलं. ते त्यांनी माझ्यासमोर एकदाच लावून पाहिलं. आतून निघालेला आवाज भलत्याच कोणाचा तरी होता. त्यांनी यंत्र डब्यात घातलं, डबा पिशवीत घातला, आणि विषय संपवला. लोक म्हणाले, आता बाई निवल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे लोकांना कोण सांगणार.

यंदा धाकट्या भाचीचं लग्न निघालं, सौंसरलाच. घरच्यांनी मोठा व्हिडिओवाला बोलावला, वरून उडणारा कॅमेरासुद्धा. बाईंना सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं, तुम्ही आता आराम करा, नुसत्या खुर्चीवर बसा. मला वाटतं, नुसतं बसण्याच्या गोष्टीनेच त्या पेटल्या असाव्यात. लग्नानंतर त्या दुकानात आल्या आणि कार्ड काउंटरवर ठेवलं. लग्न सगळं घेतलेलं होतं, पहिल्यापेक्षा जास्तच. मी नेहमीसारख्या चकत्या काढल्या आणि इंदूरला रवाना केल्या. खरं सांगायचं तर तेव्हा मी काही लावून पाहिलं नाही. बाईंच्या आवाजाशिवाय ते पाहायची माझी हिंमत झाली नाही.

बाई त्यांची कपाटातली प्रत न्यायला आल्या होत्या, आणि नेमका तेव्हाच भाच्याचा फोन आला. त्याची बोली आता पक्की इंदुरी झालेली. "भैया, हर क्लिप में खट-खट आ रही है. माइक ढीला है क्या? मैं साफ कर दूँ?"

मी म्हणालो थांब, पाहतो. चकती घातली. मांडव, पंगत, गर्दीचा गलका, आणि खरंच, अगदी जवळून, टक टक. कॅमेऱ्यावर काहीतरी आपटल्यासारखं. त्यासरशी पंगतीतला भाऊ मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. आता केस पिकलेत त्याचे. घास हातात तसाच. आणि म्हणतो, "नाई घेतला वं मठ्ठा. खरंच नाई घेतला."

मी पुढचा तुकडा लावला. टक टक. आचारी वळून म्हणतो, "हाव बाई, मीठ पाहिलं." आणखी पुढे. टक टक टक. नवरी घाईघाईने मुंडावळ्या नीट करते आणि म्हणते, "झालं सरळ? आता दिसून राहिलं का?" कोणी विचारलेलं नव्हतं आणि सगळे उत्तरं देत होते, आणि सगळी आपल्या बोलीत. मी बाईंच्या हाताकडे पाहिलं. बोटात तीच अंगठी.

मला रागच आला. भाच्याचा नाही, कोणाचा ते मला अजून सांगता येत नाही. मी फोनवर जरा चढ्याच आवाजात बोललो.

"फाइल बरोबर आहे. त्या आवाजाले हात नको लावू. तुही आत्या बोलून राहिली."

मग त्याने तिकडे एक तुकडा लावलेला ऐकू आला, टक टक, आणि त्याच्या बापाचा मठ्ठ्याचा जबाब. तो तुकडा त्याने पुन्हा लावला. मग पोरगा बोलला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी हिंदीत बोलला नाही.

"मंग राहू देतो चालू."

मी फोन स्पीकरवर ठेवला नव्हता, म्हणून बाईंना त्याचं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. त्यांनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. काचेवर बोट वाजवून मार्कर मागितला. त्यांच्या स्वतःच्याच कपाटात जायची होती ती चकती, कोणी कापणार नव्हतं. तरी त्यांनी रुमाल सारखा केला, चष्मा लावला, आणि त्या चकतीवर गोल, सुरेख अक्षरात लिहिलं : बोलणं कापू नये.